रसद आणि प्लगिन

लखनौच्या महानगरातून मी पुन्हा तुमच्यासमोर. फौजेतून निवृत्त झाल्यावर हौसेने प्रोग्रॅमिंग शिकलो, हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहेच. आजचा विषय रुक्ष वाटेल, पण मला तो एका रात्रीने शिकवला.

मे २०२१. लखनौत ऑक्सिजनसाठी लोक वणवण फिरत होते. आम्ही काही निवृत्त मंडळी सिलिंडर कुठे मिळेल याची यादी एका छोट्या मोबाइल ॲपवर चालवत होतो. एका संध्याकाळी कळलं की यादीतला एक फोन नंबर चुकलाय. एका आकड्याची दुरुस्ती! ती केली, बिल्ड सुरू केलं आणि ते कोसळलं. माझ्या कोडमध्ये तर काहीच बदललं नव्हतं.

पुण्याच्या भाचीला फोन लावला. फाइल बघून ती म्हणाली, "मामा, प्लगिनच्या आवृत्तीच्या जागी तुम्ही अधिकचं चिन्ह लिहिलंय. म्हणजे रोज जे नवं येईल ते घ्या. आज नवं आलं, आणि त्याला तुमचं जुनं जावा चालत नाही."

चार तास गेले. त्या चार तासांत किती जणांनी तो चुकीचा नंबर फिरवला असेल, ते मला माहीत नाही. चूक सर्वस्वी माझी होती. फौजेत असताना 'जे मिळेल ते पाठवा' अशी मागणी मी कधी लिहिली नव्हती.

हे मोठमोठ्यांनाही भोवलंय. २२ मार्च २०१६ रोजी एनपीएमवरून 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरची बिल्डं अडली. मार्च २०२५ मध्ये गिटहब ॲक्शन्सच्या एका लोकप्रिय प्लगिनचे आवृत्ती-टॅग हल्लेखोरांनी दुष्ट कोडकडे वळवले. तेवीस हजारांहून अधिक प्रकल्प ते वापरत होते. ज्यांनी टॅगऐवजी पूर्ण कमिट क्रमांक आधीच लिहून ठेवला होता, ते वाचले. टॅग हलवता येतो, कमिट क्रमांक हलत नाही.

आपल्याकडे ही अक्कल जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या पाण्याबद्दल सांगितलंय, की एका झऱ्यावर निश्चिंत राहू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून साठवणीची टाकी बांधावी. बाहेरचं प्लगिन म्हणजे असाच झरा.

मग करायचं काय? पाच गोष्टी.

पहिली, यादी. बिल्ड कोणकोणती प्लगिनं ओढतं, आणि ती प्लगिनं पुढे काय ओढतात, हे कागदावर आणा.

दुसरी, नेमकी आवृत्ती. अधिकचं चिन्ह नको, 'लेटेस्ट' नको. मेव्हनमध्ये प्लगिनची आवृत्ती लिहिली नाही तर तो इशारा देतो; तो इशारा हुकूम समजा.

तिसरी, ओळखपत्र. ग्रेडलमध्ये प्रत्येक फाइलचा चेकसम नोंदवून ठेवता येतो. आलेली फाइल त्याच्याशी जुळली नाही तर बिल्ड थांबतं. फाटकावरचा संतरी हेच करतो.

चौथी, स्वतःचं कोठार. नेक्सससारखा सर्व्हर मध्ये ठेवा. बाहेरून एकदा आलेलं प्लगिन तिथे साठतं आणि पुढे तिथूनच मिळतं. मग तालीम घ्या: कोऱ्या मशीनवर, बाहेरचं इंटरनेट तोडून बिल्ड करा. झालं तर गड लढेल.

पाचवी सगळ्यात महत्त्वाची. साठवलेलं पाणीही नासतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जेमध्ये मोठं भगदाड सापडलं, तेव्हा दुरुस्ती न झालेल्या आवृत्तीला चिकटून बसणारे धोक्यात राहिले. म्हणून महिन्यातला एक दिवस ठरवा. एका वेळी एकच प्लगिन वाढवा, तपासा, नोंद करा, मग पुढचं. बदल तुमच्या हुकमाने व्हावा, झोपेत नव्हे.

आता आमच्या ॲपच्या फाइलीत प्रत्येक आवृत्ती आकड्यात लिहिलेली आहे. ते अधिकचं चिन्ह मी खोडलं नाही; टिपणी करून तारखेसह तिथेच ठेवलंय. फाइल उघडली की दिसतं.

आज रात्री तुमची बिल्ड फाइल एकदा उघडा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.