काकतालीय न्याय आणि औंढ्याची वेधशाळा

इंग्रजी बोलींत ‘लक आउट’ असा एक क्रियापदप्रयोग रूढ आहे. नवशिक्यास वाटतें कीं, दैव संपलें असा त्याचा अर्थ असावा. अर्थ नेमका उलट आहे : निव्वळ दैवयोगानें यश पदरांत पडणें. मराठींत अशा वेळीं नशीब फळफळतें. शास्त्रीपंडित यासच काकतालीय न्याय म्हणतात. कावळा ताडावर बसावा आणि त्याच क्षणीं फळ गळून पडावें.

या न्यायाची एक विलक्षण कथा हिंगोली जिल्ह्याशीं जोडली गेली आहे. अमेरिकेंतील लायगोच्या दोन वेधशाळांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें दुपारीं ३ वाजून २० मिनिटांनीं, गुरुत्वीय लहर प्रथमच टिपली. दोन कृष्णविवरांच्या मीलनांतून निघालेली ती लहर सुमारें १३० कोटी वर्षें वाट चालत होती. पृथ्वीवर तिचा ठसा जेमतेम एक-पंचमांश सेकंद उमटला. नियोजित वेधसत्रास अद्याप चार दिवस अवकाश होता. लुइझियानांतील केंद्रांत तर त्या रात्रीं यंत्राच्या चाचण्या चालल्या होत्या. त्या आटोपल्यावर तासाभराच्या आंतच लहर आली. चाचण्या लांबत्या, तर वेध हुकण्याचा संभव होता.

मग हें यश केवळ कावळ्याचें म्हणावें काय? याच वेधशाळांनीं २००२ ते २०१० या काळांत वेध घेतले. हातीं कांहींच लागलें नाहीं. पुढें पांच वर्षें यंत्रें अधिक सूक्ष्मग्राही करण्यांत गेलीं. शिवाय दोन्ही वेधशाळांत सुमारें ३००० किलोमीटरांचें अंतर आहे. दोन्हींकडे तोच आकार, सात सहस्रांश सेकंदांच्या फरकानें उमटला, म्हणूनच तो योगायोग नव्हे असें ठामपणें म्हणतां आलें. एकट्या यंत्रास ही खात्री देणें फार कठीण गेलें असतें.

लहर कोणत्या दिशेनें आली, हें नेमकें सांगण्यास मात्र आणखी दूरच्या वेधशाळा हव्यात. त्यांपैकीं एक औंढा नागनाथाजवळ दुधाळा येथें उभारावयाची आहे. सुमारें २६०० कोटी रुपयांच्या या कार्यास केंद्र सरकारनें ६ एप्रिल २०२३ रोजीं मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा तेथें काटकोनांत असतील.

हिंगोलीच्या शेतकऱ्यास यांत नवें कांहीं नाहीं. पाऊस दैवाचा खरा; परंतु मृगापूर्वीं वखरणी उरकून ठेवणें त्याच्याच हातीं असतें.