सूर कोणासाठी?
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात झालेले भाषण)



 गाणे शिकवणे हा माझा व्यवसाय. पेटी पुढे असली म्हणजे मला धीर असतो. आज ती नाही, तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्यावे.

आपल्या चिटणीसबाईंनी मला विचारले, “बाई, तुम्ही ख्रिस्ती, आणि गाता मात्र आपले रागदारी संगीत. हे जमते कसे?” हा प्रश्न मला लहानपणापासून पुष्कळांनी घातला आहे. त्याचे उत्तर मी आयुष्यात एकदा फार चुकीचे दिले, ती हकीगतच आज सांगते.

माझे माहेर मलकापूरचे. घरी रोज दिवेलागणीला प्रार्थना होई. काही गीते विलायती चालींवरची, काही अभंगाच्या चालीवरची. आई दळताना ओवी म्हणे, आणि त्या ओवीत येशूचे नाव येई. तेव्हा ख्रिस्ती गाणे निराळे आणि आपले गाणे निराळे, हे मला ठाऊकच नव्हते. पुढे मी गुरुजींकडे शिकू लागले. त्यांच्या खोलीत सरस्वतीची तसबीर होती. पहिल्या दिवशी मी दारातच घुटमळले. गुरुजी ओळखून म्हणाले, “पोरी, तू तुझ्या देवाचे नाव घे आणि षड्ज लाव. षड्ज खोटा लागला, तर तुझा देव आणि माझा देव दोघेही रागावतील.” मग बारा वर्षे मी त्यांच्यापाशी शिकले.

एका वर्षी उत्तम शुक्रवारच्या सकाळच्या उपासनेत गाण्याचे मला सांगण्यात आले. ख्रिस्ताच्या मरणाचा तो दिवस. मी गीताला जोगिया रागाची चाल बांधली. कोमल ऋषभ आणि कोमल धैवताचा तो सकाळचा राग. करुणेला त्याच्याइतका जवळचा राग मला दुसरा सुचला नाही. गाणे चांगले झाले, असे मला वाटले. उपासना संपल्यावर मंडळीतले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “बाई, हे नाटकातले गाणे देवाच्या घरात नको.” ते शब्द जिव्हारी लागले. त्यानंतर दोन वर्षे मी चर्चमध्ये तोंड उघडले नाही.

गुरुजींना मी रडत रडत सगळे सांगितले. वाटले, ते माझी बाजू घेतील. त्यांनी एवढेच विचारले, “ताना कोणत्या शब्दावर घेतल्यास?” मी म्हणाले, “‘तहान’ या शब्दावर.” येशूने क्रूसावर ‘मला तहान लागली आहे’ असे म्हटले, तो तो प्रसंग. गुरुजी म्हणाले, “तहानेने घसा सुकलेल्या माणसाच्या तोंडून इतक्या ताना निघतात का ग?”

भगिनींनो, मी निरुत्तर झाले. त्या गृहस्थांचे रागाविषयीचे मत मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही. परंतु माझ्याविषयी त्यांचे म्हणणे खरे होते. परका जोगिया नव्हता, परका माझा अहंकार होता. ख्रिस्ताच्या तहानेपुढे मी माझा गळा मिरवला होता.

राग परका नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीच सिद्ध झाले आहे. नगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली. कोकणात जन्मलेले नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबांना सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. त्यांचे अभंग आमच्या उपासनेत आजही गाइले जातात.

आणि लक्ष्मीबाई! त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असतील. लहानपणी शाळा नाही, अक्षरओळख लग्नानंतरची. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या काही वर्षे दूर राहिल्या, आणि 1900 साली स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते. 1919 साली ते गेले आणि काव्य अपुरे राहिले. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. दुसऱ्याने मांडलेला सूर आपल्या गळ्याने पुढे न्यायचा आणि आपले नाव मोठे करायचे नाही, याला मी खरी निर्मिती म्हणते.

युरोपातही असेच एक घर होते. योहान सेबास्टियन बाख हा जर्मनीतला थोर संगीतकार 1723 पासून 1750 मध्ये मरण येईपर्यंत लाइपझिग शहरात चर्चच्या संगीताचे काम पाही. सुरुवातीच्या वर्षांत तो जवळजवळ दर रविवारी नवी रचना करी. त्याच्या कित्येक हस्तलिखितांच्या आरंभी ‘येशू, साहाय्य कर’ आणि शेवटी ‘केवळ देवाला गौरव’ या अर्थाची लॅटिन आद्याक्षरे असतात. आपण पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहितो, तशीच ही रीत. परंतु मला आठवण होते ती त्याची दुसरी पत्नी आन्ना माग्दालेना हिची. ती स्वतः दरबारची नामांकित गायिका. घरात सवतीची आणि स्वतःची मिळून मुलांचा मेळा. त्यातून वेळ काढून ती नवऱ्याच्या रचनांच्या नकला सुवाच्य अक्षरात करी. तो गेल्यावर दहा वर्षांनी, 1760 साली, ती धर्मादायावर जगत असताना वारली. त्या रचनांतील काही आज आपल्यापर्यंत पोचल्या आहेत त्या तिच्या हातच्या नकलांमुळे.

मी पुन्हा गाऊ लागले ती अशा बायकांच्या आठवणीने. पुढल्या उत्तम शुक्रवारी तेच गीत, तोच जोगिया गाइले. ‘तहान’ या शब्दावर एकच स्वर लावला आणि थांबले. कोणी वाहवा केली नाही, कोणी रागावलेही नाही. मागच्या बाकावर एक म्हातारी डोळे पुसत होती.

तेव्हा चिटणीसबाई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. राग ही आपली मातृभाषा आहे. तिच्यात आपण देवाशी बोलावे, यात जमवण्यासारखे काही नाही. अवघड आहे ते स्वतःला बाजूला ठेवणे. रियाज आपल्या हाती. सुरात प्राण उतरतो ती मात्र कृपा, आणि ती मागून घ्यावी लागते.

एक विनंती करून पुरे करते. घरोघरी मुलगी गायला बसली की पहिली हाक तिलाच येते: पाणी भर, चहा टाक. तिला रोज अर्धा तास द्या. त्या अर्ध्या तासात तिला हाक मारू नका. ती मोठी गायिका होईलच असे नाही; पण घर सुरात राहील.