कॅमेरा आहे, पण चित्रण कुठे आहे?



पोलिसांच्या गाडीत कॅमेरा लावा, ही मागणी आपल्या निवेदनांत असतेच आणि ती रास्त आहे. पण लावलेला कॅमेरा भरवशाचा आहे की नाही, हे कसे तपासायचे? मी आज त्यावरच बोलणार आहे.

शिकागोचे उदाहरण घेतो. २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री तिथे लक्वान मॅकडॉनल्ड या १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर एका पोलिसाने १६ गोळ्या झाडल्या. मुलगा चाकू घेऊन अंगावर आला, असे पोलिसांचे म्हणणे होते. गाडीतल्या कॅमेऱ्यात मात्र तो पोलिसांपासून दूर चालत जाताना दिसतो. न्यायालयाने आदेश दिल्यावर, म्हणजे १३ महिन्यांनी, ते चित्रण लोकांसमोर आले. २०१८ मध्ये तो पोलीस दोषी ठरला.

पण त्या चित्रणात उपयोगी पडेल असा आवाज नव्हता. नंतर पोलीस खात्याने स्वतःच तपासणी केली, तेव्हा गाड्यांतल्या सुमारे ८५० यंत्रणांपैकी ८० टक्के यंत्रणा आवाज टिपतच नसल्याचे आढळले. कारणे होती हाताळणीतल्या चुका आणि काही ठिकाणी मुद्दाम केलेली मोडतोड. कॅमेरे सगळे मोजणीत होते, साक्षीला मात्र थोडेच उभे राहिले असते.

म्हणून मी पाच प्रश्न विचारतो. ड्युटी सुरू होताना यंत्रणा तपासून नोंद होते का? चित्रण आपोआप सुरू होते, की पोलिसाने बटण दाबल्यावर? त्यातली वेळ नियंत्रण कक्षाच्या घड्याळाशी जुळते का? अंधारात चेहरा दिसतो आणि बोलणे ऐकू येते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, चित्रण पुसण्याचा अधिकार कोणाला आहे आणि पुसल्याची नोंद राहते का?

आपल्याकडे परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतल्या सीसीटीव्हीबाबत हेच मुद्दे स्पष्ट केले. आवाज हवा, रात्री दिसायला हवे, चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपायला हवे. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणेप्रमुखाची आहे. गाड्यांसाठीही आपण हीच कसोटी मागितली पाहिजे.

कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. घटना घडली की त्याच दिवशी तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकारात देखभालीची नोंदवही मागा. ‘त्या दिवशी कॅमेरा बंद होता’ असे उत्तर आले, तर तो कधीपासून बंद होता आणि दुरुस्तीसाठी कोणी कधी कळवले, हे त्या नोंदवहीतूनच कळेल.

प्रामाणिक पोलिसालाही याचा आधार आहे. खोट्या आरोपातून त्याला वाचवणारा साक्षीदारही हाच आहे. तो दोघांच्याही कामी यायचा असेल, तर त्याची तपासणी खात्याबाहेरच्या माणसांनी करायला हवी.