शिंपल्यातलं औषध



पाताळगंगा नदीकाठच्या मोहोपाड्याच्या बाजारात तिसऱ्या नाहीतर खुबे दिसले, की "रस्सा पी, गुडघ्यांना बरा," असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. शास्त्रज्ञांनीही या गोष्टीत लक्ष घातलं आहे. न्यूझीलंडमध्ये हिरव्या कडांच्या शिंपल्यांची भुकटी संधिवातावर देऊन पाहायला १९७०च्या दशकात सुरुवात झाली. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं हिरव्या शिंपल्याच्या अर्काची कॅप्सूल सांधेदुखीसाठी बाजारात आणली. हा शिंपला म्हणजे गोव्यातले शिणाणे. रवा लावून तळले तर ताटात उरत नाहीत, ते वेगळं.

पण अर्क म्हणजे रस्सा नव्हे. अर्क काढायच्या अनेक रीती आहेत, त्यातली एक एन्झाइमची. मांसातली प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबलचक साखळ्या. कच्ची पपई चोळली की मटण लवकर शिजतं, कारण पपईतलं पपेन या साखळ्या तोडतं. प्रयोगशाळेत शिंपल्याच्या मांसावर असंच एन्झाइम घालतात, तापमान आणि आम्लता राखतात आणि वेळ झाली की उष्णता देऊन ते बंद पाडतात. जे तुकडे हाती येतात, ते पेप्टाइड. अख्ख्या प्रथिनात न दिसलेले गुण या तुकड्यांत दिसू शकतात. रक्तदाब वाढवायला मदत करणारं एसीई नावाचं एन्झाइम आपल्या शरीरात असतं. काही तुकडे त्यालाच अडवतात. एन्झाइम बदललं, की तुकडे बदलतात आणि गुणही.

हे सगळं परीक्षानळीत. गिळल्यावर आपलं पोट स्वतःची एन्झाइम घेऊन त्याच तुकड्यांवर पुन्हा तुटून पडतं, मग रक्तापर्यंत काय पोचणार? न्यूझीलंडच्या भुकटीचे माणसांवरचे निष्कर्षही उलटसुलट आले. म्हणून डबीवर 'संजीवनी' छापलेलं दिसलं की मी तरी पाकीट खिशातच ठेवतो. शंखातून मात्र अस्सल औषध मिळालेलं आहे. कोन जातीच्या शंखाच्या विषातल्या पेप्टाइडवरून बनवलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकाला २००४ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. पण ते तोंडानं घेतच नाहीत, पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडतात.

आणखी एक गोष्ट पाताळगंगेकाठच्या माणसांना सांगायलाच हवी. खोपोलीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यानं ही नदी बारमाही झाली, आणि तिच्याच काठी रसायनीचे कारखाने उभे राहिले. शिंपला पाणी गाळून पोट भरतो. पाण्यात शिसं, कॅडमियम असेल तर तेही त्याच्या मांसात साठतं. अर्क काढताना गुणांबरोबर हे धातूही उतरू शकतात. तेव्हा शिंपला कुठल्या पाण्यातला, ही चौकशी आधी.

आणि कोळंबी किंवा तिसऱ्या खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, त्यांनी शिंपल्याच्या अर्काची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ॲलर्जी आणणारं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवल्यानंही नष्ट होत नाही.