घरची दुसरी टाकी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमारीची जत्रा, घरात पाहुणे, कढईत वडे, आणि नेमकी तेव्हाच गॅसची टाकी संपते! पांढुर्णा असो वा सौंसर, ज्यांच्याकडे एकच टाकी आहे त्यांनी आपल्या गॅस एजन्सीत दुसऱ्या टाकीसाठी, म्हणजे डबल बॉटल कनेक्शनसाठी, अर्ज करावा. अनामत फक्त टाकीची भरावी लागते, कारण रेग्युलेटर एकच पुरतो.

टाकी घेताना सील बघा आणि वजन करून घ्या. टाकीवर लिहिलेल्या रिकाम्या वजनात १४.२ किलो मिळवले की भरलेल्या टाकीचे वजन येते. वरच्या कड्याखालच्या उभ्या पट्टीवर तपासणीची मुदतही असते. ‘सी २७’ म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत. ए, बी, सी, डी ही वर्षातली चार तिमाही आहेत.

भरलेली टाकी उभीच ठेवा, तिची टोपी लावलेली असू द्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून तळघरात किंवा बंद कपाटात टाकी ठेवू नका.

टाकी बदलताना शेगडी, दिवा, उदबत्ती सगळे विझवा. व्हॉल्व्हमधली रबरी रिंग जागेवर आहे का बघा आणि जोडणीवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गॅस गळतो आहे. अशा वेळी रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक आजच स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.