घरच्या सुतारकामासाठी राऊटर : निवड आणि पुढची वाढ

राऊटर हे लाकडात खाच पाडणारे, कडेला आकार देणारे आणि नमुन्याबरहुकूम तुकडा कापणारे विजेचे हत्यार आहे. दाराच्या चौकटीची पताम, फळीच्या कडेचा गोला, कपाटाच्या फळ्या बसवण्याच्या झिऱ्या, बिजागरीसाठीचा खाचा ही कामे पूर्वी निरनिराळे रंधे आणि पटाशी यांनी होत. राऊटरमध्ये ती सगळी एकाच यंत्रावर, केवळ बिट बदलून करता येतात. त्याची रचना साधी आहे. वर मोटर, मोटरच्या दांड्याच्या टोकाला कोलेट, कोलेटमध्ये घट्ट धरलेला बिट आणि लाकडावर टेकणारी सपाट बैठक.

बुलढाण्याजवळ पैनगंगेच्या काठी असलेल्या देऊळघाटात, किंवा तशाच एखाद्या गावात, घरच्या ओसरीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्याच्या हाती तऱ्हेतऱ्हेचे लाकूड येते. जुन्या घराच्या चौकटीचे सागवान, बांधावरची बाभूळ, कडुनिंब, आणि दुकानातून आणलेली प्लाय किंवा एमडीएफ. यंत्राची निवड या लाकडापासून सुरू करावी. लाकडावरून बिट ठरतो, बिटावरून कोलेट, कोलेटवरून यंत्राचा आकार आणि वॅट. दुकानात मात्र आधी वॅट सांगितले जातात. काम स्वच्छ होते ते बिट घट्ट आणि सरळ धरला गेल्यामुळे, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

राऊटरचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला ट्रिमर. तो साधारण ५०० ते ७०० वॅटचा, एका हातात मावणारा, मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरणारा असतो. सनमायकाची कड साफ करणे, लहान गोला काढणे, बिजागरीचा खाचा खणणे ही त्याची कामे. दुसरा मध्यम राऊटर, १,००० ते १,४०० वॅटचा. झिऱ्या, पताम, डव्हटेल जोड आणि बहुतेक घरगुती फर्निचर त्यावर होते. तिसरा मोठा राऊटर, १,६०० ते २,३०० वॅटचा, पाच-सहा किलो वजनाचा. जाड दारांच्या चौकटी आणि मोठे नक्षीचे बिट यांसाठी तो लागतो. मध्यम आणि मोठे राऊटर बहुधा प्लंज प्रकारचे असतात. त्यांत मोटर दोन खांबांवर वरखाली सरकते, त्यामुळे फळीच्या मधोमध बिट उतरवून खाच सुरू करता येते. घरी एकच यंत्र घ्यायचे असेल, तर वेग कमी-जास्त करता येणारा मध्यम प्लंज राऊटर सर्वांत जास्त कामे उरकतो. ज्याचे काम मुख्यतः प्लाय आणि सनमायकाचे आहे, त्याला ट्रिमर पुरतो.

कोलेटकडे बारकाईने पाहावे. भारतीय बाजारात ६ मिलिमीटर, पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, ८ मिलिमीटर, १२ मिलिमीटर आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर अशा सगळ्या मापांच्या दांड्यांचे बिट मिळतात. ६ आणि ६.३५ यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, पण पाव इंची कोलेटमध्ये ६ मिलिमीटरचा बिट पुरता आवळला जात नाही. तो चालू यंत्रात खाली सरकतो किंवा निसटून उडतो. १२ आणि १२.७ चेही तेच. म्हणून यंत्राचे माप आणि बिटाचे माप नेमके जुळलेच पाहिजे. दांडा जितका जाड तितका बिट कमी थरथरतो. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे अर्धा इंची दांडा पाव इंची दांड्याच्या १६ पट ताठ असतो आणि ८ मिलिमीटरचा दांडाही पाव इंचीच्या सुमारे अडीचपट ताठ भरतो. बाभळीसारख्या कठीण लाकडात हा फरक कापलेल्या कडेवर स्पष्ट दिसतो.

वेग बिटाच्या व्यासाप्रमाणे ठेवावा लागतो. फेऱ्या तेवढ्याच असल्या तरी मोठ्या बिटाची कड जास्त अंतर कापते. ५० मिलिमीटर व्यासाचा बिट मिनिटाला २२,००० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याची कड ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावते. २५ मिलिमीटरपर्यंतच्या बिटाला २४,००० फेऱ्या चालतात, ५० मिलिमीटरपर्यंत १८,००० आणि ७५ मिलिमीटरच्या पुढे १२,००० किंवा त्याहून कमी. बिटावर वेगाची कमाल मर्यादा छापलेली असेल, तर तीच पाळावी. ज्या यंत्राचा वेग बदलता येत नाही, त्यात मोठा बिट लावू नये.

विजेचा हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टवर १,३०० वॅटचा राऊटर साडेपाच अँपियरहून थोडा जास्त प्रवाह घेतो, म्हणजे घरातल्या ६ अँपियरच्या साध्या सॉकेटची मर्यादा तिथेच गाठली जाते. २,१०० वॅटचा राऊटर नऊ अँपियरच्या पुढे जातो. त्याला १६ अँपियरचे सॉकेट आणि लांब जोडवायर असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची तार हवी. खेडेगावात संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा मोटरचा जोर घटतो. अशा वेळी खोल काप घेतल्यास मोटर तापते. भार आल्यावरही फेऱ्या टिकवणारी इलेक्ट्रॉनिक सोय आणि हळू सुरू होणारी मोटर असलेले यंत्र म्हणून अधिक उपयोगी ठरते.

यंत्र घेतल्यानंतरची पहिली सुधारणा म्हणजे चांगले बिट. सागवानात निसर्गतःच सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादाची धार त्यात लवकर बोथट होते. प्लाय आणि एमडीएफमधला डिंकही धार खातो. या तिन्हींसाठी कार्बाइडच्या धारेचे बिट घ्यावेत. सुरुवातीला पाच बिट पुरतात : ६ आणि १२ मिलिमीटरचे सरळ बिट, बेअरिंगचा गोला बिट, बेअरिंगचा पताम बिट आणि कड बरोबर करणारा फ्लश बिट. जुन्या चौकटीचे लाकूड वापरताना त्यातले खिळे, चुका आणि अणकुच्या आधी पूर्ण काढाव्यात, कारण एका खिळ्याने कार्बाइडची धार तुटते. वापर झाल्यावर बिटावरचा चीक पुसावा आणि कोलेट आतून कोरडे स्वच्छ ठेवावे. झिजलेले कोलेट दुरुस्त होत नाही, ते बदलावे.

दुसरी सुधारणा म्हणजे मार्गदर्शक साधने. कडेला समांतर चालणारी पट्टी, नमुन्यावरून फिरवण्यासाठी गाइड बुश आणि सरळ काठाची घट्ट बांधलेली पट्टी एवढ्यावर हातकाम अचूक होते. तिसरी सुधारणा म्हणजे राऊटर टेबल. जाड प्लायच्या पाटाला खालून राऊटर उलटा बसवला, वर सरळ कुंपणपट्टी लावली आणि बंद करण्याचे बटण हाताशी आणले, की लहान तुकडे आणि मोठे बिट सुरक्षितपणे चालवता येतात. ५० मिलिमीटरहून मोठा बिट टेबलावरच वापरावा.

कामाची दिशा बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध हवी. हातात राऊटर धरून फळीच्या बाहेरच्या कडेवर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने न्यावा, चौकटीच्या आतल्या कडेवर काट्यांच्या दिशेने. टेबलावर लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवावे. उलट दिशेने गेल्यास बिट लाकडाला ओढतो आणि यंत्र हातातून उसळते. खोल खाच एका दमात न काढता तीन ते सहा मिलिमीटरच्या थरांनी काढावी. कड काळी पडू लागली, तर धार गेली आहे किंवा हात फार सावकाश चालला आहे. बिट बदलताना प्लग काढलेला असावा. चष्मा, कानाचे संरक्षण आणि धुळीचा मास्क रोज वापरावा. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक ठरवले आहे, त्यामुळे भुसा ओढणारी नळीही यंत्राइतकीच गरजेची आहे.

एवढे झाल्यावरही काम अडत असेल, तरच मोठे यंत्र घ्यावे. मोठा राऊटर टेबलाला कायमचा बसतो आणि जुना हातकामाला राहतो, म्हणून जुना विकण्याचे कारण पडत नाही. सुतारकामावर पोट असलेल्यांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने विनातारण कर्ज यांची तरतूद आहे. खरेदीच्या वेळी दुकानात यंत्र चालवून पाहावे. प्लंजचे खांब अडखळता कामा नयेत, खोलीची कळ आवळल्यावर मोटर हलता कामा नये आणि बिट डगमगता कामा नये. त्या यंत्राचे कार्बन ब्रश, कोलेट आणि दुरुस्ती बुलढाणा, चिखली किंवा खामगावात मिळते की नाही, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे.