गोल्फच्या गावातला बायकांचा ‘हिमालय’
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



“विलायतेत काय पाहिलेत ते सांगा,” अशी चिटणीसबाईंची आज्ञा आहे. लंडनची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून मी आज स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या लहानशा गावाविषयी बोलणार आहे. भाची तिथल्या विद्यापीठात शिकते, त्यामुळे तिकडे आठ दिवस राहण्याचा योग आला.

एडिंबरोहून आगगाडीने ल्यूकर्सपर्यंत जायचे आणि पुढे बस धरायची. गाव समुद्रकाठी आहे. वारा असा की पदर सावरता सावरता पुरेवाट होते! एका टोकाला जुन्या कॅथीड्रलचे अवशेष आहेत. 1318 साली रॉबर्ट ब्रूस राजाच्या उपस्थितीत त्याची प्रतिष्ठापना झाली आणि 1559 च्या धर्मकलहात ते लुटले गेले. शेजारच्या सेंट रूलच्या मनोऱ्यावर चढले की सारे गाव पायाशी दिसते. जवळच किल्ला आहे. 1546-47 च्या वेढ्यात बाहेरच्यांनी भिंतीखाली भुयार खणले, तेव्हा आतल्यांनी उलट भुयार खणून त्यांना गाठले. त्या भुयारात आजही वाकून उतरता येते. मीही उतरले, गुडघ्यांनी तक्रार केली, पण मन तृप्त झाले.

आता गोल्फ. तिरंदाजीचा सराव मागे पडतो म्हणून 1457 साली राजाने या खेळाला बंदी केली होती, इतके त्याचे वेड जुने! इथल्या ‘ओल्ड कोर्स’वर 1764 साली बावीस होलचे अठरा झाले आणि पुढे तीच संख्या जगभर रूढ झाली. मैदान मात्र सार्वजनिक आहे. रविवारी बहुधा खेळ बंद असतो आणि गावकरी पोराबाळांसह, कुत्र्यांसह त्यावरून खुशाल फिरतात.

मला सर्वांत आवडली ती त्याच्या शेजारची उंचसखल हिरवळ. तिचे नाव ‘हिमालय’! 1867 साली बायकांनी तिथे आपला क्लब काढला. काठी खांद्यावर उगारून चेंडू टोलावणे कुलीन स्त्रीला शोभत नाही, अशी तेव्हाची समजूत. म्हणून त्यांच्या वाट्याला आले ते चेंडू हलकेच ढकलून खळीत घालणे. त्या रुसून घरी बसल्या नाहीत. मिळालेल्या तुकड्यावर त्यांनी असा खेळ मांडला की आज पुरुषही थोडे पैसे भरून तिथे खेळतात.

शिक्षणाचेही तसेच. विद्यापीठ 1413 चे, पण 1877 साली स्त्रियांसाठी निघाली ती निराळी परीक्षा आणि निराळी उपाधी. खऱ्या पदवीचे दार 1892 साली उघडले. 1754 साली स्थापन झालेल्या पुरुषांच्या प्रतिष्ठित गोल्फ क्लबाने तर स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव 2014 साली केला! त्याआधी, 2007 साली, ओल्ड कोर्सवर स्त्रियांची ब्रिटिश ओपन स्पर्धा प्रथम झाली आणि मेक्सिकोच्या लोरेना ओचोआने ती जिंकली.

मैत्रिणींनो, हे सांगण्यात माझा थोडा स्वार्थ आहे. आपल्या वसाहतीच्या मैदानावर संध्याकाळी एक तास बायकामुलींना मिळावा, असा आपला अर्ज गेली दोन वर्षे पडून आहे. “कोपऱ्यातली जागा घ्या,” असे उत्तर येते. काही भगिनी म्हणतात, कोपरा नको, मिळाले तर सगळे मैदान मिळू दे. मला वाटते, कोपरा आज घ्यावा, तिथे रोज नेमाने खेळावे आणि मैदानासाठीचा अर्ज मुळीच मागे घेऊ नये. सेंट अँड्र्यूजच्या बायकांना एकशे सत्तेचाळीस वर्षे लागली. आपल्या मुलींना इतके थांबावे लागू नये, एवढे आपल्या हाती आहे.

हा विषय पुढच्या सभेत घ्यावा, अशी अध्यक्षीणबाईंना विनंती करून मी आपली रजा घेते.